कापूस विकायचं ॲप, बंडीच्या बाजूनं बघितलं तर

पैनगंगेच्या अलीकडे बेला, जैनथ, भीमपूर. पलीकडे पांढरकवडा, झरी जामणी. माती तीच काळी, पऱ्हाटी तीच, बोंडअळीही तीच. पण २०२५-२६ च्या हंगामात सीसीआयची हमीभाव खरेदी सुरू करायच्या तारखा दोन्ही काठांना वेगळ्या ठरल्या. महाराष्ट्र मध्य विभागात, म्हणून १५ ऑक्टोबर. तेलंगणा दक्षिण विभागात, म्हणून २१ ऑक्टोबर. एक गोष्ट मात्र दोन्हीकडे सारखी होती. आधी मोबाइलवरच्या 'कपास किसान' ॲपमध्ये नाव नोंदवायचं, मग पुढच्या सात दिवसांतला एखादा दिवस पकडायचा, आणि त्या दिवशी कापूस घेऊन जिनिंगवर जायचं. पैसे आधारला जोडलेल्या खात्यात.

म्हणजे काट्याच्या आधी एक नवीन फाटक आलं, आणि ते खिशात आलं.

हे फाटक किती महत्त्वाचं होतं ते आकड्यांवरून कळतं. त्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८,११० रुपये क्विंटल होता, मध्यम धाग्याचा ७,७१०. ऑगस्टमध्ये केंद्रानं कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क ३१ डिसेंबरपर्यंत माफ केलं आणि खुल्या बाजारातला भाव हमीभावाच्या खालीच राहिला. मग सगळ्यांची तोंडं सीसीआयकडे वळली. ज्याला ॲप जमलं नाही, त्याच्यासाठी खासगी व्यापारी होताच. फरक क्विंटलमागे भरायचा.

ॲप चांगलं की वाईट, हा निकाल द्यायला मी बसलेलो नाही. पण इकडची पोरं हैदराबादला, नागपूरला, पुण्याला हेच काम करतात. शेतकरी उत्पादक कंपन्याही आता आपापली खरेदी-विक्रीची ॲप करून घ्यायला लागल्या आहेत. करून घेणाऱ्यानं काय मागायचं, बनवणाऱ्यानं कुठून सुरुवात करायची, आणि आपण शेतकऱ्यांनी तक्रार करताना नेमकं काय म्हणायचं, हे माहीत असलं तर बरं. ऑनलाइन बाजार बांधणारे बहुतेकदा ऑफिसच्या रजिस्टरपासून सुरू करतात: नाव, आधार, जमीन, बँक. रजिस्टरला जे पाहिजे ते रकाने. कापसाचा प्रवास तसा नसतो. तो वेचणीपासून सुरू होतो, घरातल्या ढिगावर येतो, टेम्पोत चढतो, मीटरखाली जातो, काट्यावर जातो आणि शेवटी पासबुकात उतरतो. त्या वाटेनं चालून बघितलं की ॲपमध्ये काय पाहिजे ते आपोआप दिसायला लागतं.

वापरणारा एक नसतो

पहिला प्रश्न साधा वाटतो: ॲप वापरणार कोण? कागदावर उत्तर 'शेतकरी'. घरात उत्तर वेगळं. पट्टा बापाच्या नावानं, स्मार्टफोन पोराच्या हातात, आधारला जोडलेलं सिम जुन्या बटनाच्या फोनमध्ये, वेचणीचा हिशेब आईच्या डोक्यात, आणि टेम्पो ठरवणार चुलता. पोरगा हैदराबादला असला तर ओटीपी इकडे वाजतो आणि ॲप तिकडे उघडं असतं. 'आकडा सांग, आकडा सांग' करता करता वेळ संपते.

बनवणाऱ्यानं इथं दोन गोष्टी करायला पाहिजेत. एक, ओटीपी वाचता येत नसेल त्याला फोन करून तोंडी सांगायची सोय. साध्या फोनवाल्याला बाहेर ठेवायचं काहीच कारण नाही. साध्या फोनवरून पैसे पाठवायची 'यूपीआय १२३पे' ही सोय रिझर्व्ह बँकेनं ८ मार्च २०२२ ला सुरू केली, त्यात बोलणाऱ्या आवाजावर बटनं दाबून व्यवहार होतो. पैसे जाऊ शकतात तर कापसाचा दिवसही ठरू शकतो. दुसरी गोष्ट, घरातल्या किंवा गावातल्या एका माणसाला 'मदतनीस' म्हणून रीतसर नेमता आलं पाहिजे. त्याला दिवस धरता यावा, बदलता यावा, पण बँक खात्याला हात लावता येऊ नये. आज मदतनीस नाहीत असं थोडंच आहे? मी-सेवावाला आहे, शेजारचा पोऱ्या आहे, अडत्याचा मुनीम आहे. फक्त त्यांना आपण अख्खा फोन, आधार आणि ओटीपी सगळंच देऊन टाकतो. ॲपनं ही गोष्ट मान्य केली तर तिला कुंपण घालता येतं.

गावातला माणूस मध्ये ठेवायची कल्पना जुनी आहे. आयटीसी कंपनीनं २००० साली मध्य प्रदेशातल्या सोयाबीनच्या पट्ट्यात ई-चौपाल सुरू केलं तेव्हा गावात ना धड वीज होती ना फोनची लाइन. म्हणून सौर पट्ट्या आणि उपग्रहाची छत्री लावून एका शेतकऱ्याच्याच घरात कॉम्प्युटर ठेवला आणि त्याला 'संचालक' म्हटलं. भाव गावातच कळायचा, खरेदी केंद्रावर इलेक्ट्रॉनिक काटा आणि पूर्ण पैसे एकदम. कंपनीनं ते धर्मादाय म्हणून केलं नव्हतं, स्वतःची सोयाबीन खरेदी स्वस्त व्हावी म्हणून केलं होतं. पण शेतकऱ्याची मंडीतली नेमकी दुखणी, म्हणजे काट्यातली मारामारी आणि तुकड्यातुकड्यानं मिळणारे पैसे, त्यांनी आधी बघितली आणि मग यंत्र आणलं. हा क्रम महत्त्वाचा.

मक्त्यानं किंवा बटईनं करणाऱ्याचं काय? इकडे त्यांना कौलदार म्हणतात. कापूस त्याचा, पण पासबुकावर नाव मालकाचं. ही अडचण ॲपनं निर्माण केलेली नाही, पण ॲपमध्ये ती पहिल्याच पानावर उभी राहते. तिथं मालकाची संमती घेऊन कौलदाराच्या नावानं विक्री करता येईल असा रकाना नसेल तर पैसे मालकाच्या खात्यात जाणार आणि पुढचा हिशेब त्यांच्या त्यांच्यात. पावती नसलेला.

एक एकर वीस गुंठे म्हणजे १.२० नव्हे

आता जमिनीचा रकाना. इथं एक बारीक खड्डा आहे, आणि दोन्ही राज्यांतल्या वाचकांनी तो समजून घ्यावा.

तेलंगणाच्या पासबुकात जमीन एकर-गुंठ्यांत असते. ४० गुंठ्यांचा एकर. एक एकर वीस गुंठे हे लिहिताना बरेचदा १.२० असं लिहितात. कॉम्प्युटरला टिंबाचा अर्थ एकच कळतो: एक पूर्णांक वीस शतांश. खरी जमीन दीड एकर, नोंदली सव्वा एकराच्याही आत. नोव्हेंबर २०२५ मध्ये तेलंगणात एकरी ७ क्विंटलच खरेदी करायची मर्यादा लागली होती, त्यावरून आंदोलनंही झाली. त्या मर्यादेनं हिशेब करा. ०.३० एकराचा फरक म्हणजे २ क्विंटल १० किलो कापूस. ८,११० च्या भावानं १७,०३१ रुपये. एका टिंबाचे.

महाराष्ट्राच्या सातबारावर हेक्टर-आर. एक एकर म्हणजे सुमारे ४०.४७ आर. तिथं टिंबाचा घोळ नाही, कारण १०० आरचा हेक्टर. पण बोलताना माणूस एकरातच बोलतो.

उपाय फार मोठा नाही. एकाऐवजी दोन रकाने द्यायचे, एकर वेगळा, गुंठे वेगळे. गुंठ्याच्या रकान्यात ३९ च्या वर आकडा घेऊ नये. आणि खाली लगेच दाखवावं: 'म्हणजे दीड एकर. तुम्हाला विकता येईल १० क्विंटल ५० किलो.' चूक झाली असेल तर माणूस तिथंच ओरडतो, 'अरे, माझं तर दीड एकर आहे!' जिनिंगच्या फाटकावर कळण्यापेक्षा हे बरं. विकून उरलेली मर्यादाही पहिल्याच पानावर मोठ्या आकड्यात दिसावी. कापूस काही एका दमात विकला जात नाही, तीन-चार वेच्यांत निघतो.

भाषेबद्दल वेगळं सांगायला नको, तरी सांगतो. 'राज्य तेलंगणा, म्हणून भाषा तेलुगू' हे गृहीत धरणं बेला-जैनथमध्ये चालत नाही. घरात मराठी, बाजारात तेलुगू-हिंदी, कागद तेलुगू-इंग्रजीत, आणि उटनूर-इंद्रवेल्लीकडे गोंडी नि कोलामी. भाषा राज्याला नको, माणसाला विचारावी, आणि तीही पहिल्याच पडद्यावर. आणि मराठी द्यायची तर ती बाजारातली द्यावी. 'आर्द्रता' लिहिलं तर कुणी अडणार नाही, पण 'ओलावा' लिहिलं तर कुणाला थांबावं लागणार नाही.

टेम्पो भरण्याआधी कळलं पाहिजे

माझ्या मते सगळ्यात जास्त डोकं इथं चालवायला पाहिजे. सीसीआयचा नियम असा: ८ टक्के ओलाव्यापर्यंत पूर्ण भाव. त्याच्या वर दर टक्क्याला भावाचा एक टक्का कापला जातो. म्हणजे ८,११० चा भाव ९ टक्क्यांना ८,०२८ रुपये ९० पैसे, १० ला ७,९४७ रुपये ८० पैसे, ११ ला ७,८६६ रुपये ७० पैसे, आणि १२ टक्क्यांना ७,७८५ रुपये ६० पैसे. १२ च्या पुढे कापूस परत.

'परत' हा शब्द ऑफिसात नुसता तीन अक्षरांचा वाटतो. शेतकऱ्यासाठी त्याचा अर्थ: टेम्पोचं भाडं गेलं, भराई-उतराईची हमाली गेली, दिवस गेला, धरलेला नंबर गेला. म्हणून बहुतेक जण परत आणतच नाहीत. जिनिंगच्या बाहेर जो भाव मिळेल त्याला देऊन मोकळे होतात. हा निर्णय फाटकावर होतो, पण तो टाळायची जागा घरातला ढीग आहे, आदल्या दिवशी.

आदल्या दिवशी ॲपनं काय करावं? तारखेची आठवण करून देणारा मेसेज सगळेच पाठवतात. त्यात एवढं घाला: 'ओलावा १२ च्या वर असेल तर कापूस घेतला जाणार नाही. ऊन दाखवायचं असेल तर दिवस पुढे ढकला, नंबर जाणार नाही.' शेवटचे तीन शब्द सगळ्यात महत्त्वाचे आहेत. दिवस पुढे ढकलला की रांगेच्या शेवटी फेकलं जाणार असेल, तर माणूस ओला कापूसच घेऊन जातो.

पण ओलावा कळणार कसा? मीटर जिनिंगवर असतं. तेलंगणात गावांच्या गटागटाला रैतू वेदिका बांधल्या आहेत, तिथं कृषी विस्तार अधिकारी, ज्यांना इकडे सगळे एईओ म्हणतात, ते बसतात. महाराष्ट्रातल्या वाचकांनी कृषी सहायकाचा हक्काचा हॉल समजावा. तिथं एक मीटर ठेवलं, मूठभर नमुना पिशवीत घेऊन कुणी आला तर मोजून दिलं आणि तो आकडा ॲपमधल्या त्याच्या नंबरापुढे टाकला, तर जिनिंगला बंधन काही नाही, पण माणूस शहाणा होऊन निघतो. दव पडायच्या दिवसांत सकाळच्या आणि दुपारच्या कापसाचं माप सारखं नसतं, हे वेचणाऱ्या बाईला माहीत आहे. ॲपला माहीत नाही. दिवस धरताना 'सकाळ की दुपार' एवढं जरी विचारलं तरी फरक पडेल.

आणि परत पाठवलंच, तर कागद पाहिजे. मीटरचा आकडा, वेळ, केंद्र, कारण, फोनवर आणि छापील. त्याच कागदावर पुढच्या दोन-तीन दिवसांतला राखीव नंबर. ई-नाम बघा. १४ एप्रिल २०१६ ला आठ राज्यांतल्या २१ मंड्यांपासून हा राष्ट्रीय ऑनलाइन बाजार सुरू झाला. त्यात क्रम असा आहे: फाटकावर नोंद, मालाची तपासणी, मग बोली, मग काटा, मग पैसे. सगळ्यात वरची बोली पसंत नसेल तर शेतकरी नाही म्हणू शकतो. प्रत्यक्षात किती मंड्यांत हे सगळं नीट चालतं हा वेगळा विषय, पण 'नाही' म्हणायचं बटन शेतकऱ्याच्या हातात ठेवलं आहे, ही कल्पना घेण्यासारखी आहे.

नंबर कसा लावायचा

सात दिवसांचे नंबर ॲपवर उघडतात तेव्हा काय होतं हे तत्काळ तिकीट काढणाऱ्याला सांगायची गरज नाही. ज्याचं बोट चपळ, ज्याच्याकडे नेट चांगलं, तो आत. जिनिंगपासून दोन किलोमीटरवरचा आणि नारनूरच्या डोंगरातला, दोघं एकाच मिनिटाला बटन दाबत असतील तर ती शर्यत सारखी नाही. त्यावर गावनिहाय किंवा मंडलनिहाय थोडे नंबर राखून ठेवता येतात. आणि रेल्वेकडून एक गोष्ट उचलावी: प्रतीक्षा यादी. 'नंबर शिल्लक नाही' या वाक्यानं माणूस रोज दहा वेळा ॲप उघडतो. 'तुम्ही ४३ वे आहात' म्हटलं की तो शेतात जातो.

अजून एक सोय, जी मला कुठल्याही शहरी ॲपमध्ये सुचली नसती. लहान शेतकऱ्याकडे एका वेच्याचा कापूस पाच-सहा क्विंटल. त्याला अख्खा टेम्पो परवडत नाही, म्हणून शेजारचे तिघं मिळून एक टेम्पो करतात. तिघांचे नंबर तीन वेगळ्या दिवशी लागले तर टेम्पोचा सगळा हिशेब कोसळतो. 'एकत्र जाणारे' असा एक पर्याय द्यावा, तीन नोंदणी क्रमांक टाकले की तिघांना एकच दिवस, एकच वेळ, पण काटा आणि बिल वेगळं. एवढं साधं आहे, पण हे सुचायला टेम्पोवाल्याशी बोलावं लागतं.

आणि जिनिंग बंद पडली, पाऊस आला, सुट्टी आली, तर नंबर रद्द न होता आपोआप पुढे सरकला पाहिजे. चूक केंद्राची असेल तर धावपळ शेतकऱ्यानं का करायची?

पैशांबद्दल थोडक्यात. आधारला जोडलेलं खातं म्हणजे नेमकं कोणतं, हे कित्येकांना ठाऊक नसतं. दोन-तीन बँकांत खाती असतात, आणि आधारवरून येणारा पैसा शेवटी जे खातं जोडलं तिथं जातो. जुन्या बँकेच्या पासबुकात नोंद शोधत माणूस चकरा मारतो. विक्रीच्या आधीच बँकेचं नाव आणि खात्याचे शेवटचे चार आकडे दाखवले तर हा घोर वाचतो. विक्रीनंतर 'प्रक्रियेत आहे' एवढंच लिहू नये. काटा झाला, बिल झालं, बँकेकडे गेलं, जमा झालं, नाहीतर अमुक कारणानं परत आलं, असं टप्प्याटप्प्यानं सांगावं. पार्सल कुठपर्यंत आलं ते कळतं, मग आपलेच पैसे कुठं अडले ते का कळू नये?

विचारू नका, बघा

हे सगळं बनवणाऱ्याला कळणार कसं? सर्व्हेचा फॉर्म भरून घेतला तर आपला माणूस काय म्हणतो ते आपल्याला माहीत आहे. 'कसं वाटलं काका ॲप?' 'चांगलं हाय की.' पाहुण्याला वाईट कोण सांगेल? त्यापेक्षा त्याच्या हातात त्याचाच फोन द्यायचा, तडा गेलेल्या काचेचा, आणि भर उन्हात मार्केट यार्डात उभं राहून म्हणायचं, 'काका, गुरुवारचा नंबर धरून दाखवा.' आणि गप्प बसायचं. मदत करायची नाही. बोट कुठं थांबतं, कुठं मागं जातं, कधी पोराला हाक मारतो, ते लिहून घ्यायचं. वेबसाइट वापरायला सोप्या कशा कराव्यात यावर आयुष्य घालवलेल्या जेकब निल्सन यांनी २००० साली लिहिलं होतं की पाच जणांना बघितलं तरी बहुतेक मोठ्या चुका सापडतात. पाच जण तर एका चहाच्या टपरीवर मिळतात. फक्त ते पाचही जण स्मार्टफोनवाले तरुण नसावेत. एक बाई असावी, एक साठीच्या पुढचा, एक कौलदार, एक गोंडी बोलणारा.

ॲप तयार व्हायच्याही आधी हे करता येतं. कागदावर पडदे काढा, बोटानं दाबायला सांगा, पुढचा कागद समोर ठेवा. खर्च एका वहीचा.

अर्थात सगळं ॲपनं सुटत नाही. एकरी मर्यादा किती, केंद्रं किती, कौलदाराला ओळख द्यायची की नाही, हे ठरवणारे वेगळे लोक आहेत. चांगला पडदा ओला कापूस वाळवत नाही. पण यार्डात उभं राहून जे दिसलं ते वरपर्यंत लेखी पोचवायचा अधिकार बनवणाऱ्याला पाहिजे, नाहीतर तो रंग आणि बटनंच बदलत बसेल.

शेवटी आपल्या सीमेवरचाच एक वापरणारा. महाराष्ट्रात १९७२ पासून कापसाची एकाधिकार खरेदी होती, तेव्हा भाव जिकडे चढा तिकडे कापूस रात्रीच्या वाटेनं पैनगंगा ओलांडायचा, ते सांगणारी म्हातारी माणसं अजून आहेत. आता नाकी बदलली. पण नदीच्या दोन्ही काठांना शेत असलेला माणूस आहेच: इकडचं पासबुक, तिकडचा सातबारा, आधार एकच, फोन एकच. अशा माणसाला कोणत्याही ॲपनं 'आपलं राज्य निवडा' म्हटलं की त्याची पंचाईत होते. राज्य माणसाला न जोडता शेताला जोडलं, प्रत्येक तुकड्यापुढे त्याचं राज्य, त्याची मर्यादा, त्याचं केंद्र आणि त्याची खरेदीची तारीख दाखवली, तर त्याला १५ तारखेला तिकडचा आणि २१ तारखेला इकडचा नंबर धरता येईल.